तुमचं चालू हाय काय?

वऱ्हाडात नेट गेलं की आधी मोडेम तपासत नाहीत, शेजारी तपासतात. घरचा कर्ता माणूस बनियनवर गॅलरीत येतो आणि समोरच्या गॅलरीकडे पाहून हाक देतो, "काहो, तुमचं चालू हाय काय?" तिकडून "नाई नं बाप्पा, आमचंबी गेलं" असं आलं की त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटतं, ते नेट धोधो चालू असतानाही कधी दिसलेलं नसतं. मग दोघं कठड्याला रेलून केबलवाला, महापालिका आणि केंद्र सरकार अशा चढत्या क्रमाने सगळ्यांचा उद्धार करतात. पण तिकडून "आमचं तं मस्त चालू हाय" असं उत्तर आलं, की माणूस खचतो. आपलं नेट गेल्याचं दुःख असतंच. त्यांचं चालू आहे हे जास्त लागतं.

यात चुकीचं मात्र काही नाही. केबलच्या धंद्यात मुरलेला कोणताही इंजिनिअर पहिला प्रश्न हाच विचारेल. दोघांचंही गेलं असेल तर बिघाड खांबावर किंवा खांबाच्या पलीकडे. एकट्याचंच गेलं असेल तर खांबापासून घरात येणाऱ्या वायरीत, नाहीतर घरातच. म्हणजे अर्धं निदान बनियनवर उभ्या उभ्या होऊन जातं. घोडं अडतं ते पुढच्या अर्ध्यात. तिथे माणसाला विचारून भागत नाही, यंत्राला विचारावं लागतं. मोडेमच्या पोटात सगळे आकडे मांडून ठेवलेले असतात, सिग्नल किती आला, किती गळाला, सगळं. पण यंत्राकडे जाऊन चौकशी करणं आमच्या स्वभावात नाही. आम्ही माणसाला फोन लावतो.

केबलवाल्याचं उत्तर ठरलेलं असतं. "येऊनच रायलो भाऊ." अमरावतीच्या साईनगरात आणि अकोल्याच्या जठारपेठेत हे वाक्य एकाच चालीवर म्हटलं जातं. तो येत असतो हे खरं, फक्त कुठून आणि कोणत्या तारखेला हे तो सांगत नाही. "पोलवरच हाय भाऊ" असं म्हणतो तेव्हा मागे कुकरची शिट्टी होते. मार्गशीर्षात तो हमखास कुणाच्या तरी शेतात रोडग्यांच्या जेवणात असतो. रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण पानात पडल्यावर कोणता सज्जन माणूस उठून खांबावर चढेल, हे त्याला सुनावायचा अधिकार आपल्याला नसतो, कारण बऱ्याचदा त्याच पंगतीत दोन पानं सोडून आपणच बसलेलो असतो.

त्याची बाजूही सांगितली पाहिजे. या माणसाने आमच्या दोन्ही गावांत तीसेक वर्षांत वायरीच्या तीन पिढ्या उभ्या केल्या. १९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध टीव्हीवर थेट दिसलं, १९९२ च्या ऑक्टोबरात झी टीव्ही सुरू झाला, आणि त्यानंतर बघता बघता गल्ल्यांवर काळ्या वायरींचं जाळं पसरलं. केबलचा कायदा १९९५ साली आला. तोवर आमच्याकडच्या कडुनिंबांना वायरी सरावून गेल्या होत्या. त्या वायरी कोणत्या गच्चीवरून, कोणाच्या सज्ज्यावरून आणि कोणाशी अबोला असल्यामुळे कुठून वळसा घालून गेल्या, याचा नकाशा कागदावर कुठेही नाही. तो केबलवाल्याच्या डोक्यात आहे. एखाद्या घरी मुलीचं लग्न ठरलं हे त्याला आधी कळतं, कारण मांडवाच्या आड येणारी वायर त्यालाच हलवावी लागते.

त्या काळ्या वायरीच्या राज्यात सगळ्यांत मोठा मान होता तो ॲम्प्लिफायरवाल्या काकूंचा. तांब्याच्या वायरीतून जाताना सिग्नल क्षीण होत जातो, म्हणून थोड्या थोड्या अंतरावर तो वाढवणारा डबा बसवावा लागतो. डब्याला वीज लागते. खांबावरून ती घ्यायची म्हणजे एमएसईबीशी वाकडं, म्हणून केबलवाला गल्लीतलं एक मध्यावरचं घर बघायचा, त्यांच्या पोर्चमधल्या बोर्डातून डब्याला कनेक्शन घ्यायचा, आणि मोबदल्यात त्या घराला केबल फुकट. अशी काकू प्रत्येक गल्लीत एक असायची. आपल्या पोर्चमधल्या एका बटनावर पंचवीस घरांचं रात्रीचं सुखदुःख अवलंबून आहे, हे काकूंना पक्कं ठाऊक असे, आणि हळदीकुंकवाला त्यांच्या वाणात काही कमी पडलं तर ते गल्लीलाही ठाऊक होई.

खरी पंचाईत गुरुवारी. काकू शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला निघाल्या की नेमाच्या बाई म्हणून जाताना मेन स्विच बंद करून जायच्या. तिकडे काकू गावची वेस ओलांडतात न ओलांडतात, इकडे गल्लीभर पडद्यावर मुंग्या. केबलवाल्याचा पोट्टा खांबावर चढतो, जॉइंट खोलतो, काळी टेप सोडतो, पुन्हा गुंडाळतो, उतरतो, दुसऱ्या खांबावर चढतो. खाली गल्लीतली सगळी रिटायर मंडळी माना वर करून सूचना देत उभी. शेवटी कोणाची तरी नजर काकूंच्या दाराच्या कुलपावर पडते आणि सगळा जमाव एका सुरात म्हणतो, "अरे, आज गुरुवार नाई काय!" त्या वेळी जगातला कोणताही मीटर हे निदान करू शकला नसता.

घरात आलेल्या वायरीची कथा तर आणखी करुण. पहिला टीव्ही बैठकीत. मग आजोबांच्या खोलीत दुसरा येतो, पोरं मोठी झाली की माडीवर तिसरा. वायर मात्र खांबावरून एकच. ती वाटून देणारी एक छोटी डबी मिळते, तिला स्प्लिटर म्हणतात. आपली समजूत अशी, की डबी लावली म्हणजे दोघांनाही पूर्ण सिग्नल मिळतो. तो तसा मिळत नाही. बापाच्या दहा एकरांचे दोन भावांत पाच-पाच व्हावेत तसा सरळ हिस्सेवाटा होतो, आणि वाटणी म्हटली की मोजणीवाला मध्ये थोडं खातोच. सिग्नल मोजायचं माप डेसिबल. त्यात तीन कमी झाले म्हणजे निम्मं झालं. दोन तोंडांच्या डबीतून प्रत्यक्षात साडेतीन जातात. वरचा अर्धा डबीचा. तिसरा टीव्ही आला की त्यातल्या एका फाट्यावर आणखी एक डबी बसते आणि त्या खोलीच्या वाट्याला चतुर्थांशही येत नाही. माडीवरच्या टीव्हीवर क्रिकेट बघताना चेंडू आणि मुंगी यांत फरक कळत नसे, तो यामुळे.

यावर आमच्याकडचा सर्वमान्य इलाज म्हणजे बूस्टर. अकोल्याला टिळक रोडच्या बाजूला किंवा अमरावतीला जवाहर रोडला जायचं, दुकानदाराला "जरा पॉवरवालं द्या" म्हणायचं, आणि चकचकीत डबा घेऊन यायचं. बूस्टर सिग्नल वाढवतो यात खोटं नाही. तो सिग्नलसोबत खरखरही तितकीच वाढवतो, आणि स्वतःची थोडी भर घालतो. मूळचा सिग्नल चांगला असताना, वाटणीच्या आधी लावला तर उपयोग; वाटण्या होऊन सगळं गळाल्यावर शेवटच्या टीव्हीच्या पाठीमागे लावला तर मुंग्यांचे मुंगळे होतात. उलटही घडतं. खांबाला लागून घर असलेल्याने हौसेने बूस्टर लावला की सिग्नल नको तितका जोरात येतो आणि चित्र फाटतं. जास्त झालं म्हणूनही बिघडू शकतं, हे वऱ्हाडात कोणाला पटवणं अवघड. आमच्या ठेच्याकडे पाहिलं तर कळेल.

आमच्या मातीचा म्हणून जो खास बिघाड आहे, तो उन्हाळ्यातला. एप्रिल उजाडला की माळ्यावरचे कूलर खाली येतात, वाळा बदलला जातो, पंपाला तेलपाणी होतं आणि कूलर खिडकीत बसतो. घरात बाहेरून वायर आणायची सोयही त्याच खिडकीत केलेली असते, कारण गज वाकवून भोक केलेली ती एकच. आता बघा. कूलर रात्रभर ठिबकतो. थेंब वायरीवर पडतो, वायरीच्या अंगावरून घरंगळत थेट कनेक्टरपर्यंत जातो आणि आत शिरतो. महिनाभराने तो कनेक्टर उघडून पाहावा. बाहेरून ठणठणीत, फिरकी सोडवली की आतून हिरवी पूड सांडते. बारीक तारांची जाळी काळी पडलेली, तिच्यावरची चंदेरी पन्नी हात लावताच भुगा होणारी, मधल्या तारेवर मोरचुदाच्या रंगाचा थर, आणि जाळीतलाच एखादा केसासारखा तंतू सुटून नेमका त्या मधल्या तारेला टेकलेला. तो एक तंतू टेकला की संपलं, सिग्नल तिथल्या तिथे जमिनीत. इलाज काही रुपयांचा: बोटभर वायर कापून नवा कनेक्टर, आणि वायरीला खिडकीच्या आधी खालच्या अंगाला झोल, म्हणजे थेंब झोलातूनच खाली पडतो, घरात येत नाही. पण वायरीला झोल दिसला की आमच्या घरातल्या बायका बैठकीची शोभा गेली म्हणतात, आणि पुरुष तो ताणून खिळ्याला बांधून टाकतात.

उन्हाचाही वाटा असतो. तांबं तापलं की त्याचा अवरोध वाढतो आणि वायर जास्त सिग्नल खाते. तापमान हिवाळ्यातल्या पहाटेच्या १२ अंशांवरून ४५ वर गेलं, तर वायरीतली गळती सहा टक्क्यांच्या आसपास वाढते. एरवी हे जाणवत नाही. पण जिथे आधीच काठावर चालू आहे तिथे दुपारी दोनला जातं आणि रात्री अकराला आपोआप येतं. केबलवाला म्हणतो, "भाऊ, गर्मीनं होते." आपण ती थाप समजतो. मे २०२४ मध्ये पारा ४५ च्या वर गेल्यावर अकोल्यात जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हापायी कलम १४४ लावलं होतं. जिथे दुपारी माणसांच्या हालचालींची प्रशासनाला काळजी पडते, तिथे सिग्नलनेही जरा सावलीत थांबायचं म्हटलं तर त्याला दोष का द्यावा?

मग डिजिटल आलं. मोठ्या शहरांनंतर आमची पाळी तिसऱ्या टप्प्यात, २०१५ च्या अखेरीची मुदत. सेट टॉप बॉक्स आले आणि मुंग्या कायमच्या गेल्या. लोकांना वाटलं, सुटलो. प्रत्यक्षात एक सोय गेली. मुंग्यांच्या काळात आजार किती वाढला ते डोळ्यांनी दिसायचं. थोड्या आल्या की आपण वायर हलवून बघायचो. डिजिटल शेवटच्या क्षणापर्यंत तब्येत उत्तम असल्याचं भासवतं, आणि एक डेसिबल इकडचा तिकडे झाला की चौकटी-चौकटी होऊन थेट निळा पडदा. कालपर्यंत छान चाललं होतं, हे वाक्य तेव्हापासून प्रत्येक तक्रारीची सुरुवात झालं. छान चाललं नव्हतं, दिसत नव्हतं.

इंटरनेटच्या आरंभीच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं, टेलिफोनच्या तारेतून. २५६ केबीपीएसला तेव्हा सरकारी व्याख्येनुसार ब्रॉडबँड म्हणत, आणि पहिला पाऊस पडला की डब्यात पाणी शिरून व्याख्याही वाहून जायची. मग केबलवाल्यांनी खांबाखांबांवर स्विचचे डबे लटकवून निळ्या-करड्या लॅन वायरी टाकल्या. तिथेही वीज कोणाच्या तरी घरूनच, म्हणजे काकूंचं राज्य अबाधित. ते खालसा केलं फायबरने.

फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्यातला प्रकाश ज्या गाभ्यातून धावतो तो नऊ मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी बारीक. केबलवाल्याच्या ऑफिसापासून घरापर्यंत मध्ये विजेवर चालणारं काहीही नाही. नुसते काचेचे फाटे. म्हणून गल्लीची लाइन गेली तरी तुमच्या घरी इन्व्हर्टर आणि त्याच्या ऑफिसात बॅटरी असेल तर नेट चालू राहतं. एका फटक्यात काकूंच्या बटनाची सत्ता संपली आणि त्यांना केबलचे पैसे भरायला लागले. माझ्या पाहण्यातल्या एका काकूंनी तर पहिल्या बिलावर सही करताना केबलवाल्याला ऐकवलं, "माह्या घरच्या लाइनीवर मोठा झाला बे तू."

पण काच ती काच. तिचे शत्रू वेगळे. गणपती विसर्जनाला उंच मूर्तीच्या ट्रॅक्टरवर एक पोट्टा बांबू घेऊन उभा असतो, वायरी वर उचलायला. अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराला कावड येते, त्या वेळीही हेच. काळी वायर हे ताणणं सहन करायची. काच आतल्या आत तुटते आणि बाहेरून काही कळत नाही. अमरावतीत वानरं आहेत. सकाळी टोळी आली की ती पाण्याच्या टाकीवरून कडुनिंबावर जाताना मधल्या वायरीचा उपयोग करतेच, आणि तिच्याकडे तक्रार नोंदवायची सोय नाही. मग जेसीबी, रस्त्याच्या कामावरचा. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनेस बुकात नाव लागलं. आधीचा विक्रम कतारमधला होता. आम्हा दोन्ही गावांना याचा रास्त अभिमान आहे. ज्या प्रदेशात ७५ किलोमीटर डांबर साडेचार दिवसांत पडतं, त्याच प्रदेशात जेसीबीने तोडलेली हातभर वायर जोडायला "सोमवारी पाहू" हे उत्तर मिळतं, याचीही कुठेतरी नोंद व्हायला हवी.

आमच्या मामांच्या घरी, जठारपेठेत, फायबर आहे. मामा बँकेतून रिटायर झालेले. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, अमेरिकेत डॅलसजवळ राहतो. रविवारी सकाळी, म्हणजे त्याच्या शनिवारी रात्री, बापलेकांचा व्हिडिओ कॉल होतो. मध्यंतरी त्या कॉलमध्ये मुलगा तोंड उघडं ठेवून गोठायला लागला. मामा तरीही बोलत राहायचे. उलट उत्तर येत नसल्यामुळे त्यांना ते अधिक सोयीचं वाटत असावं. पण मामींनी हट्ट धरला आणि मामेभावाने तिकडून दुरुस्ती हाती घेतली.

तो या विषयात नुकताच पारंगत झाला होता. त्याच्या घरचं नेट रोज रात्री जायचं. कंपनी नेहमीचा मंत्र सांगायची: मोडेम बंद करा, तीस सेकंद थांबा, चालू करा. हा मंत्र चालतो, कारण मोडेम नव्याने सगळी ओळखपाळख करून घेतो. आजार मात्र जिथल्या तिथे. शेवटी त्याने मोडेमचंच पान उघडलं, १९२.१६८.१००.१ वर. येणारा सिग्नल शून्याच्या आसपास, उणे सात ते अधिक सातच्या आत असला तर उत्तम. त्याचा उणे अकरा. आणि जाणारा पन्नासच्या वर. मोडेमचं पलीकडे ऐकू जात नसलं की तो आवाज चढवत नेतो, आणि सोळा वेळा विचारूनही उत्तर आलं नाही की सगळं सोडून पहिल्यापासून सुरुवात करतो. आधीच्या घरमालकाने माळ्यावर एक जुनाट स्प्लिटर ठेवला होता, तो काढला आणि सगळं जागेवर आलं. त्याने हेही वाचलं होतं, की तिकडच्या केबलमध्ये एका घरातला एक सैल कनेक्टर बाहेरची खरखर आत घेतो, आणि परतीच्या वाटेवर सगळ्या घरांच्या वायरी एकत्र येत असल्यामुळे ती खरखर अख्ख्या वस्तीला भोवते. खापर कुणाच्या घरावर फोडायचं ते मात्र कळत नाही. मला हे ऐकून बरं वाटलं. म्हणजे तिकडेही गॅलऱ्या आहेत, फक्त लोक एकमेकांना विचारत नाहीत.

तर त्याने मामांना सांगितलं, "बाबा, मोडेमच्या मागची केबल घट्ट करा. आणि मध्ये कुठे स्प्लिटर आहे का बघा." मामांनी फोन मोडेमच्या मागे नेला. तिकडून बराच वेळ आवाज नाही.

"बाबा, हे तर फायबर आहे."

"मंग? कवाचंच हाय."

"माझ्याकडे अजून तांब्याची केबल आहे."

हे ऐकल्यावर मामांनी नेट दुरुस्त होण्यात रस घेणंच सोडलं. पुढचे काही दिवस ते मॉर्निंग वॉकला भेटेल त्याला अमेरिकेच्या मागासलेपणाबद्दल सांगत होते. आणि ते खोटंही नव्हतं. तिकडे आजही घरगुती नेटचा फार मोठा भाग टीव्हीच्या जुन्या केबलवरच चालतो.

मग एके दिवशी मोडेमवर लाल दिवा लागला तो लागलाच. योगायोगाने मी त्या दिवशी अकोल्यात होतो. केबलवाला "येऊनच रायलो" म्हणाला आणि, हे मी नोंदवून ठेवतो, खरोखर आला. म्हणजे त्याचा पोट्टा आला. पाठीवर सॅक, कानात इअरफोन, वय वीस-बावीस. त्याने कोणाला काही विचारलं नाही. शेजाऱ्याचं चालू आहे का हेसुद्धा नाही. मोडेममधून हिरव्या टोकाची पिन काढली, खिशातून मुठीएवढा मीटर काढला, पिन त्यात खुपसली आणि म्हणाला, "उणे एकतीस."

"मंजे?" मामा.

"काका, सत्तावीसच्या खाली गेलं की मोडेमले दिसतच नाई."

त्याने वायरीचा माग काढायला सुरुवात केली. मोडेम देवघराच्या फळीवर, कारण इन्व्हर्टरचा बोर्ड तिथेच. वायर भिंतीवरून गेलेली, आणि मध्येच गजानन महाराजांच्या तसबिरीमागे गडप. त्याने चप्पल काढली, नमस्कार केला, तसबीर हलक्या हाताने पुढे झुकवली. मागे जादा वायरीची घडी होती. दिवाळीच्या साफसफाईत मामींना ती लोंबती वायर खुपली असणार. त्यांनी ती चार पदरी दुमडली, कडा बोटांनी दाबून बसवली, वर रबरबँड चढवला आणि महाराजांच्या हवाली केली. घडी इतकी नेटकी, की पोट्ट्यालाही उलगडायला जिवावर आलं. काचेतून प्रकाश सरळ जातो, हलक्या वळणानेही जातो. पण इतक्या कडक घडीत तो वळणावरच बाहेर निसटतो. पोट्ट्याने रबरबँड काढला, वायर पुरीएवढ्या सैल वेटोळ्यात सोडली, पुन्हा पिन मीटरला लावली.

"उणे एकवीस. झालं."

दहा डेसिबल, म्हणजे बरोबर दहापट प्रकाश, एका रबरबँडमध्ये अडकला होता. दिवा हिरवा झाला. मामी म्हणाल्या, "मंग आता ते तसंच लोंबत ठेवू काय?" मामांचा प्रश्न वेगळा होता. त्यांची अख्खी नोकरी जमा-नावेत गेलेली.

"उणे काहून? आम्ही पैसे तं अधिक भरतो."

पोट्ट्याने समजावलं. एक मिलिवॅट म्हणजे शून्य. घरापर्यंत येणारा प्रकाश त्याहून पुष्कळ कमी, म्हणून उणे. उणे एकवीस म्हणजे मिलिवॅटचा साधारण सव्वाशेवा भाग, आणि तेवढ्यात सगळं आरामात चालतं. तीनने वाढलं की दुप्पट, तीनने घटलं की निम्मं. मामांनी हे डायरीत लिहून घेतलं, तारखेसह. मग विचारलं, "बाजूच्यांचं किती हाय?"

पोट्टा बिचारा सरळ. म्हणाला, "त्यांचं एकोणीस होतं मागच्या बारीले."

त्याला मग लगेच जाता आलं नाही. मामांनी त्याला चहा पाजला, पोहे खाऊ घातले आणि खांबावरच्या डबीपर्यंत सोबत नेऊन आपले दोन कुठे गेले याचा हिशोब मागितला. बाजूचे काका गॅलरीतून विचारत होते, "काय झालं हो, चालू हाय नं?" मामांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

रात्री मी अमरावतीला घरी पोचतो तो मामांचा फोन.

"तुह्यावालं किती हाय?"

घरी मोडेमचं पान उघडून बघितलं. उणे चोवीस. सांगितलं. तिकडे डायरीची पानं चाळल्याचा आवाज आला.

"तीनचा फरक. मंजे अकोला अमरावतीच्या दुप्पट!"

गावाची इज्जत पणाला लागली होती. मी म्हटलं, मामा, आमच्याकडे बेलोऱ्याच्या विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान उडतं, तुमच्या शिवणीच्या धावपट्टीचं काय झालं ते सांगा.

"ते ठेव बाजूले," मामा म्हणाले. "विमानतळावर मीटर लावून पाह्य. उणे किती येते ते पयले सांग, मंग बोलू."